क्रॉफर्ड मार्केटात कॅफे नको

सकाळी एका ग्रुपवर मेसेज आला. 'क्रॉफर्ड मार्केटमधले फळवाले हलवून तिथे मस्त कॅफे, आर्ट गॅलरी काढायला हवी. एवढी हेरिटेज बिल्डिंग वाया जातेय.' खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं.

वाया? १८६९ ला मंडई म्हणून बांधली आणि आजही तिथे मंडईच भरते. आणखी काय करायचं त्या इमारतीने?

लहानपणी मे महिन्यात आजी मला तिथे न्यायची. फळवाला पेटीतले वरचे आंबे दाखवायचा आणि आजी म्हणायची, "हे पाहुण्यांना दाखव, मला खालचा थर काढ." तो कुरकुरत पेंढा उपसायचा. खाली एखादा डागी निघालाच, की आजीचा भाव सुरू. इमारतीचा आर्किटेक्ट एमर्सन, त्याने ते उंच छप्पर याच झटापटीसाठी उभारलं, सेल्फीसाठी नाही.

दारावर शिल्पकार लॉकवुड किपलिंगने कोरलेले शेतकरी आहेत. नाव आता महात्मा फुले मंडई. ज्योतिबांना 'महात्मा' म्हटलं गेलं ते १८८८ साली, इथून जवळच मांडवीत. शेतकऱ्यासाठी जन्मभर भांडलेल्या माणसाचं नाव, दारावर शेतकरी, आणि आत काय तर तीनशे रुपयांची कॉफी? लाज वाटू द्या जरा.

बरं, वास येतो, उंदीर आहेत, कबूल. पिंजऱ्यातले पक्षी-प्राणी तर मलाही बघवत नाहीत, तो बाजार आजच बंद करा. पण घाण झाली तर झाडू मारतात, माणसं नाही झाडून काढत! घाऊक फळबाजार १९९६ ला वाशीला गेला तेव्हाच निम्मा जीव गेला होता. उरलेले किरकोळवालेही आता तुमच्या डोळ्यांत खुपतात.

आजीने ते कोरीवकाम कधी मान वर करून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. तिचं लक्ष पेंढ्यात. तरी त्या इमारतीचा तिच्याइतका नीट उपयोग आपल्या ग्रुपमधल्या कुणी केलाय का, सांगा. कॅफेत कोण काढून दाखवणार खालचा थर?

असो. चिडून लिहितोय खरा, पण मेसेज टाकणारा माझा जुना मित्र आहे आणि हे वाचणारच आहे. बाबा रे, मेमध्ये चल माझ्याबरोबर. भाव मी करतो, पेटी टॅक्सीपर्यंत तू उचलायचीस.