टोळी सोडून निघालेला ही-मॅन

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. भाच्याला वाढदिवसाला कुणीतरी खेळण्यांवरून काढलेलं चित्रांचं पुस्तक दिलं आणि मोठी मंडळी बिथरली. हे पुस्तकच नव्हे, जाहिरात आहे म्हणे; असलं वाचून मुलांची गोडी बिघडते. मी दोन ओळी विरोधात लिहिल्या, तर काकांचं उत्तर आलं, "तू तिकडे राहतेस, तुला इथलं काय कळणार?"

हे मला लागलं.

मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने १९८२ साली ही-मॅन हा योद्धा बाजारात आणला तेव्हा बाहुल्यासोबत एक छोटी पुस्तिका मिळायची. त्या सगळ्या पुस्तिकांचा जाडजूड संग्रह २०१५ साली निघाला. तो मी इथे अमेरिकेत आमच्या काउंटी लायब्ररीतून आणलाय आणि परत परत रिन्यू करतेय. पहिल्या चार पुस्तिकांत कॉमिकसारख्या चौकटी नाहीत. मोठं चित्र आणि त्याखाली गोष्ट. चित्रं आल्फ्रेदो अल्कालाची. फिलिपिन्सचा हा चित्रकार १९७६ साली अमेरिकेत आला. ही-मॅनचा शत्रू स्केलेटॉर, त्याच्या कवटीवरच्या अल्कालाच्या बारीक रेघा बघा आणि मग मला जाहिरात म्हणा. चांदोबात विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ रंगवणाऱ्या शंकर यांची चित्रं आपण तासन्‌तास बघत बसायचो, तेव्हा आपली गोडी बिघडली नाही.

विक्रीचा हेतू होताच, तो मी नाकारत नाही. गोष्टीतली शक्तीची तलवार दोन अर्धुकांची, कारण खेळण्यांतही राखाडी अर्धं ही-मॅनकडे आणि जांभळं स्केलेटॉरकडे. अख्खी तलवार हवी तर दोघांनाही घ्या! पण ती अर्धुकं एकत्र आली की ग्रेस्कल किल्ल्याचं दार उघडतं, हे वाचताना मूल हिशोब करत नसतं. इथे मुलं लायब्ररीतून लेगोच्या निंजांची पुस्तकं ढिगाने घरी नेतात, कुणी त्यांच्या पिशव्या तपासत नाही. शाळांमधून पुस्तकं हटवायच्या मोहिमा या देशातही चालतात, ठाऊक आहे मला. आमच्या गावात नाही चालत.

दूरदर्शनवर आपण पाहिला तो ही-मॅन राजपुत्र होता, राजवाड्यात जन्मलेला. या पहिल्या पुस्तिकेत राजपुत्र नाहीच. हा जंगलातल्या टोळीतला माणूस. किल्ल्याचं रक्षण करायला तो आपल्या माणसांचा निरोप घेऊन निघतो आणि गोष्ट संपते तेव्हाही परतलेला नसतो. हे लहानपणी वाचलं असतं तर मी सरळ लढाईच्या पानावर गेले असते. आता निरोपाच्या पानावरच अडते. मी गेले त्या दिवसापासून घरात माझ्या मताला 'तिकडचं' म्हणतात, आणि इथे शाळेच्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की आधी माझे उच्चार ऐकले जातात. काका, मला इथलं कळत नाही असं तुम्ही म्हणता तेव्हा माझी हक्काची जागाच काढून घेता.

मुलासाठी मी ही पुस्तिका वाचता वाचता मराठीत सांगते. स्केलेटॉरला तो आता 'हाडक्या' म्हणतो, आणि पुढे काय झालं हेही मराठीतच विचारतो. तुम्ही पाठवलेली संस्कारकथांची पुस्तकं मी त्याच्यासमोर ठेवली होती. दोन पानांत तो उठून गेला. ज्या पुस्तकाशी तो माझ्या भाषेत बसून राहतो, ते मी कुणाच्या सांगण्यावरून बाजूला ठेवणार नाही.