‘इम्युनिटी वाढवा, सिकलसेल पळवा’ : या मेसेजचं करायचं काय?

धानाची रोवणी आली की गावच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोच. सार एवढंच : सिकलसेल म्हणजे रक्ताची कमी आणि ढिली पडलेली इम्युनिटी, बीट-गूळ आणि गुळवेलीचा काढा घ्या, ‘कॅन्सरची गोळी’ बंद करा, लेकराला सुया टोचू नका, ताप आला तर अंगातली घाण जळू द्या. माझा नऊ वर्षांचा पुतण्या एसएस पॅटर्नचा आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेल आलेला, म्हणून गप्प बसवत नाही.

बीट-गुळाचं आधी उरकतो. इथं रक्त लोहाअभावी कमी होत नाही. हिमोग्लोबिनच वेगळं असल्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि १२० दिवस जगायच्या त्या १०-२० दिवसांत फुटतात. त्यातलं लोह अंगातच राहतं. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या यकृतात-हृदयात ते साचतं. तपासणीत कमी निघालं तरच लोहाची गोळी. चहात गूळ टाकायला कोणाची ना नाही.

खरी गोम इम्युनिटीत आहे. या लेकरांची पानथरी, म्हणजे प्लीहा, लहानपणीच निकामी होत जाते. रक्तातून न्यूमोकोकससारखे जंतू गाळणारी ती चाळणी. वाकड्या पेशी तिच्यातच अडकतात. आपल्याकडे काहींची पानथरी पोटावर हात ठेवला तरी मोठी लागते, पण मोठी म्हणजे कामाची नव्हे. (ती एकाएकी फुगली आणि लेकरू पांढरंफटक पडलं तर तडक दवाखाना.) फाटलेली चाळणी काढ्याने सांधत नाही. म्हणून तर पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस. नेहमीच्या लसीकरणातली तर हवीच, दोन वर्षांनंतर आणखी एक वेगळी. म्हणजे ज्यांना सुया टाळा म्हणता, त्यांनाच त्या सगळ्यात जास्त लागतात. गुळवेलीचं म्हणाल तर, ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. वाद चालू दे. आधीच यकृतावर ताण असलेल्या लेकरावर प्रयोग कशाला?

‘कॅन्सरची गोळी’ हे अर्धं खरं आहे. हायड्रॉक्सीयुरिया काही रक्ताच्या कॅन्सरांतही देतात आणि तिने पांढऱ्या पेशी उतरू शकतात, म्हणूनच ठरावीक दिवसांनी रक्त तपासतात. पण तीच गोळी, लेकरू पोटात असताना त्याच्या रक्तात असतं ते हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, त्यामुळे पेशी कमी वाकतात. आमच्या पोराचं हातपाय धरून रात्र-रात्र रडणं तिच्यामुळे कमी झालं. डोस डॉक्टर कमी-जास्त करतील, ग्रुपचा ॲडमिन नव्हे.

राहिला ताप. हा सल्ला जीव घेईल. पानथरी निकामी झालेल्या लेकराला जंतू काही तासांत गाठतो. पारा १०१ वर गेला की सकाळची वाट पाहायची नाही.

गेल्या साली पोळ्याच्या रात्री पोरगा फणफणला. लाकडी नंदी सजवून दाराशी तयार होता, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. दादाने तशीच गाडी काढली. तालुक्याला रात्रीच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. छातीत न्यूमोनिया निघाला. पाचव्या दिवशी घरी आला तेव्हा पोळा कधीच फुटला होता. तरी पठ्ठ्याने नंदी गल्लीभर ओढत नेला आणि घरोघरी बोजारा वसूल केला. मेसेज पाठवणाऱ्या काकांकडूनही.