दहापैकी आठ

तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं आणि निबंधाला दहापैकी दहा कुणालाही दिले नाहीत. आठ दिले ते दोनदा. त्यातल्या एकीची आई पेढे घेऊन आली होती. साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास आणि पंचाहत्तर म्हणजे डिस्टिंक्शन, हे ज्या पिढीच्या हाडात मुरलंय तिची मी. आमच्या घरी आमटी फक्कड जमली तरी यांच्या तोंडून निघतं ते 'बरी झालीय' एवढंच, आणि मग वाटी पुढे येते.

त्यामुळे मध्यंतरी वायफाय दुरुस्त करायला एक मुलगा आला, उंदराने कुरतडलेली वायर त्याने पाच मिनिटांत शोधली, पसारा आवरून गेला, आणि पाठोपाठ मोबाइलवर प्रश्न आला, 'आपण आमची शिफारिश मित्रांना किंवा सहकाऱ्यांना करण्याची शक्यता ० ते १० मध्ये किती?', तेव्हा मी हात सैल सोडून आठ दिले. (वायफायची शिफारस कोण कुणाला करतं? मी आयुष्यात एकाच गोष्टीची शिफारस केली, आमच्या पोळीवाल्या बाईंची. आता त्या फक्त मैत्रिणीकडे जातात.) खाली रकाना होता, 'काय सुधारणा हवी?' मी लिहिलं, 'शिफारिश नव्हे, शिफारस.'

दोन दिवसांनी फोन.

"मॅडम, आपल्या नाराजीचं कारण कळू शकेल का?"

"नाराजी? अहो, आठ दिलेत!"

"हो मॅडम. म्हणूनच."

रात्री त्याच दुरुस्त झालेल्या नेटवर शोधत बसले. हा प्रश्न जगभर सगळ्यांना विचारला जातो म्हणे. फ्रेड रायकेल्ड नावाच्या अमेरिकन सल्लागाराने २००३ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त मांडलं की लांबलचक प्रश्नावल्या कशाला, हा एक प्रश्न पुरे. नऊ-दहा देणारे ते आपले प्रचारक. शून्य ते सहावाले सगळे निंदक. सात-आठवाले ना घरचे ना घाटचे. प्रचारकांच्या टक्क्यांतून निंदकांचे टक्के वजा केले की कंपनीचा 'नेट प्रमोटर स्कोअर' तयार.

मी कागद-पेन्सिल घेतली. आमच्या विंगमध्ये चोवीस घरं. सगळ्यांनी आठ दिले तर स्कोअर शून्य. सगळ्यांनी सहा दिले तर उणे शंभर! म्हणजे अख्खा वर्ग फर्स्ट क्लासात पास आणि शाळेचा निकाल उणे शंभर टक्के. असा निकाल लागला असता तर आमच्या हेडबाईंनी गणिताच्या सरांना आधी डोळे तपासायला पाठवलं असतं.

गंमत म्हणजे २०२१ मध्ये याच गृहस्थांनी त्याच मासिकात तक्रार केली, की लोक या आकड्याला बोनस जोडतात, ग्राहकांकडे गुणांसाठी गयावया करतात, त्याने सगळा विचका झाला. पेपर काढणाऱ्यालाच कॉपीचा शोध लागायला अठरा वर्षं गेली. आमच्या शिपायाला पहिल्या तासाला कळायचं.

महिन्याभराने उंदीर परत आला आणि मुलगाही. काम झालं तरी दारात घुटमळला.

"बाई, ओळखलं नाहीत ना? सातवी ब. 'पावसाळ्यातील एक दिवस'ला तुम्ही मला चार दिले होते."

आता आठवला. त्याच्या निबंधात पाऊस शेवटच्या ओळीत पडला होता.

"ते चार मी पचवले, बाई. पण परवाचे आठ नाही पचले. इन्सेंटिव्ह गेला."

मला खुर्चीत बसावं लागलं. मोबाइल वाजला, लिंक आली. दहावर अंगठा नेला, तर तो तिथेच अडला. तीस वर्षांची सवय, ती काय उंदराने कुरतडलेली वायर आहे बदलून टाकायला? शेवटी डोळे मिटून दाबला. लगेच पुढचा प्रश्न, 'हे गुण देण्याचं कारण?' मी लिहू लागले, 'मला असे वाटते कि या मुलाने…'

तो खांद्यावरून वाचत होता.

"बाई, 'की' दीर्घ. तुम्ही अर्धा मार्क कापायचात."

"कीबोर्डने केलं ते," मी म्हणाले.

"आम्हीही पेनाचंच नाव सांगायचो, बाई."