आय-७च्या नावानं चांगभलं

सोसायट्यांच्या आणि कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सल्ला बरेच दिवस फिरतोय. थोडक्यात असा: ८० हजारांत ऑफिसचं काम आणि गेमिंग दोन्ही करणारा असेंबल्ड पीसी हवा असेल तर प्रोसेसर आय-७च घ्या, जनरेशन कोणतंही चालतं. ग्राफिक कार्ड ४ जीबीचं टाका, जितके जीबी जास्त तितकं कार्ड भारी. रॅमची १६ जीबीची एकच स्टिक घ्या, दुसरी स्वस्त झाली की टाकता येते. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) कॅबिनेटबरोबर येतो तोच पुरतो. बिल नको म्हणालात तर १८ टक्के सुटतात. आणि वर भरवसा, ‘पुढची पाच वर्षं बघायला नको.’

रकमेशी भांडण नाही. भांडण तिच्या वाटणीशी आहे. ज्या भागाचं नाव चारचौघांत सांगता येतं त्यावर पैसे उधळायचे आणि ज्याच्यामुळे मशीन बंद पडतं तिथे हात आखडायचा, असा हा हिशोब आहे. एकेक मुद्दा घेऊ.

‘आय-७च घ्या, जनरेशन कोणतंही चालतं’

आय-७ ही इंटेलच्या प्रोसेसरांची २००८ पासून चालत आलेली मालिका आहे. तिच्यातला आय-७ ४७७० हा २०१३चा: चार कोर (काम करणारे गाभे), आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), डीडीआर-३ रॅम. २०२२च्या आय-३ १२१००लाही चारच कोर आणि आठच थ्रेड आहेत, पण तो जवळपास प्रत्येक कामात त्या आय-७ला आरामात मागे टाकतो. त्याहून जुन्या २६०० आणि ३७७०मध्ये एव्हीएक्स-२ ही मोठी आकडेमोड झटपट करण्याची सोयच नाही, त्यामुळे काही नवे गेम त्यांच्यावर सुरूच होत नाहीत. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन जाहिरातीत ‘आय-७, १६ जीबी, एसएसडी’ एवढंच लिहिलेलं दिसलं, तर पुढचा चार किंवा पाच आकडी नंबर विचारल्याशिवाय भावाचं बोलणं काढू नका.

कामाच्या बाजूनंही अडचण आहे. विंडोज ११च्या अधिकृत यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी जनरेशन आणि त्यापुढचेच प्रोसेसर आहेत. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरून काम करणाऱ्याला कंपनीच्या आयटीवाल्यांनी ‘ही विंडोज चालणार नाही’ म्हटलं की तो आय-७ शोभेचा. गेममध्येही तेच: व्हॅलोरंट विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो.

बरं, नवा आय-७ घेतला तर? आय-७ १२७००एफला बारा कोर आहेत. मोठा प्रोजेक्ट कंपाइल करणं, व्हिडिओ रेंडर करणं यात ते कामी येतात, हे मान्य. पण तो जोरात चालतो तेव्हा १८० वॅटपर्यंत खेचतो, आणि पैसे उरले नाहीत म्हणून तो बसवला जातो सगळ्यात स्वस्त एच-६१० मदरबोर्डावर. त्या बोर्डाच्या वीजपुरवठ्याच्या भागावर बहुतेक वेळा हीटसिंकही (उष्णता काढून घेणारा धातूचा तुकडा) नसतो. पाच-दहा मिनिटं भार पडला की बोर्ड तापतो, प्रोसेसरचा वेग उतरतो आणि आय-७चे पैसे मोजून आय-५चं काम पदरात पडतं. गेममध्ये मधल्या दर्जाचं कार्ड असताना फ्रेम अडतात त्या बहुतेक कार्डापाशी. गेम चालू असताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या पुढे दिसत असेल तर प्रोसेसर मोठा करून फारसं काही हाती लागत नाही. सीएस-२ (काउंटर-स्ट्राइक २) सारखे गेम २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळणारे एवढाच काय तो अपवाद.

या बजेटात सहा कोरचा नवा प्रोसेसर पुरतो: आय-५ १२४००, एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा रायझन ५ ७६००. इथे एक बारीक गोष्ट आहे. १२४००एफमधल्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. ५६००मध्येही नाही. उद्या कार्ड वॉरंटीत पाठवावं लागलं तर ते परत येईपर्यंत मॉनिटरवर काहीच दिसणार नाही, आणि सोमवारची ऑफिसची स्टँडअप मीटिंग काही थांबत नाही. ज्याची रोजीरोटी याच मशीनवर आहे त्यानं थोडे जास्त देऊन एफ नसलेला १२४०० किंवा ७६०० घ्यावा. दोन्हींत डिस्प्ले पुरतं ग्राफिक्स आहे. त्यासाठी ५६००जी सुचवला जातो, पण त्याची एल-३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ५६००च्या निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआयई (कार्डाकडे जाणारा रस्ता) जुन्या ३.० पिढीची आहे, पुढे कार्ड लावणार असाल तर तो सौदा महागात पडतो.

पाच वर्षांचा भरवसा बोर्डाच्या सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेवर, ठरतो. १२४००चं सॉकेट चौदाव्या जनरेशनवर संपलं. रायझन ५६००चं एएम-४ही आटोपत आलं. ७६००च्या एएम-५ला निदान २०२७पर्यंत पाठिंबा देण्याचं एएमडीनं जाहीर केलंय, म्हणजे पुढे फक्त प्रोसेसर बदलण्याची वाट उघडी राहते. तिथे रॅम मात्र डीडीआर-५च लागते. आणि वापरलेला तेराव्या-चौदाव्या जनरेशनचा के-वाला (वेग वाढवता येणारा) आय-७ स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळू नका. त्या प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे कायमची झीज होण्याचा दोष निघाला होता. इंटेलनं २०२४मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती) दिला, वॉरंटीही वाढवली, पण आधी झालेली झीज त्यानं भरून येत नाही.

‘जितके जीबी जास्त तितकं कार्ड भारी’

या सगळ्या सल्ल्यातलं सगळ्यात नुकसान करणारं वाक्य हेच. जीटी ७३० हे २०१४चं कार्ड ४ जीबीच्या खोक्यात अजून मिळतं. त्यातल्या ६४ बिट रुंदीच्या डीडीआर-३ प्रकाराची मेमरी सेकंदाला सुमारे १४ जीबी माहिती पोचवते. जीटीएक्स १०५० टीआयलाही ४च जीबी, पण तिथे वेग ११२. आरटीएक्स ४०६०चा २७२, आरटीएक्स ३०६० १२ जीबीचा ३६०. दोन स्टिक लावलेली साधी डीडीआर-४ ३२०० रॅमसुद्धा ५१ देते; म्हणजे ‘ग्राफिक कार्ड आहे’ म्हणून मिरवलेलं ते ७३० ५६००जीच्या आतल्या ग्राफिक्सपुढेही टिकत नाही. खोक्यावर जीबीच्या शेजारी बिट आणि मेमरीचा प्रकार वाचा. डीडीआर-३ दिसलं की खोकं खाली ठेवा.

एकाच नावाखाली वेगळा मालही विकला जातो. आरटीएक्स ३०६० १२ जीबीची १९२ बिटची, तर ८ जीबीची १२८ बिटची. आरटीएक्स ३०५०ही ८ आणि ६ जीबी अशा दोन रूपांत येतं, आणि ६ जीबीवाल्यात कोरही कमी आहेत. त्याचा एक गुण मात्र खरा: ७० वॅटमध्ये भागतं, बहुतेक मॉडेलांना वेगळी वायरही लागत नाही. जुन्या आरएक्स ५८०मध्ये ‘२०४८एसपी’ असं बारीक लिहिलेलं असेल तर ते कामगिरीनं ५७० समजा. आरएक्स ६५०० एक्सटी पीसीआयईच्या फक्त चार लेन वापरतं, पीसीआयई ३.०च्या बोर्डावर ते आणखी मार खातं, शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंगचा भार प्रोसेसरवर.

एकूण रकमेतला ३५ ते ४० टक्के वाटा कार्डाचा, असा ढोबळ अंदाज धरा. १०८०पी मॉनिटरला ८ जीबीचं आजचं कार्ड चालतं, काही नव्या गेममध्ये टेक्श्चर एक पायरी खाली आणावे लागतील एवढंच. १४४०पी असेल तर १२ किंवा १६ जीबीकडे बघा. ब्लेंडर किंवा एआयचे प्रयोग असतील तर एनव्हिडिया सोपं पडतं, आणि कुडा (एनव्हिडियाची स्वतःची गणनेची प्रणाली) लागणारं काम असेल तर त्याशिवाय वाट नाही. नुसतं गेमिंग असेल तर एएमडी त्याच पैशात बहुधा थोडं जास्त देतं.

आणि हे सगळं करून एचडीएमआयची वायर मदरबोर्डच्या पोर्टात खुपसली की कार्ड रिकामं बसतं. वायर खालच्या, आडव्या पोर्टांत लावायची. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हातानं १४४वर न्यावा लागतो, नाहीतर तो ६०वरच चालत राहतो.

‘रॅमची एकच स्टिक, दुसरी स्वस्त झाली की’

स्वस्त होण्याची वाट बघणाऱ्यांचं २०२५च्या अखेरीस काय झालं ते बाजारानं पाहिलंच. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलली आणि भाव भडकले. पण भाव बाजूला ठेवला तरी एक स्टिक म्हणजे एकच चॅनेल (प्रोसेसरकडे जाणारा रस्ता), म्हणजे निम्मा वेग. सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण मध्येच बसणारे झटके वाढतात. कार्ड न लावता आतल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला तर हा फरक फार जाणवतो.

८-८च्या दोन स्टिक एकाच पाकिटातल्या घ्या. चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. मग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम छापील वेगानं चालवणारी सेटिंग) चालू करा. नाही केलं तर ६०००ची डीडीआर-५ ४८००वर किंवा त्याच्या आसपासच पळते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग आणि भरलेल्या खाचा दोन्ही दिसतात. डॉकर, अँड्रॉइड स्टुडिओ किंवा व्हर्च्युअल मशीन रोज लागत असेल तर सरळ १६-१६ घ्या, विशेषतः दोनच खाचांच्या बोर्डावर. एएम-५वर चार स्टिक भरल्या की अधिकृत वेग ३६००वर येतो, म्हणून ‘नंतर आणखी दोन’ हा बेत तिथे करू नका. एएम-५ पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. रॅमची जुळणी चालू असते. घाबरून बटण दाबून बंद केलं की ती पुन्हा पहिल्यापासून.

‘एसएमपीएस कॅबिनेटबरोबर येतो तोच पुरतो’

त्या डब्यावर ‘४५० वॅट’ ठळक छापलेलं असतं. डबा वळवून बाजूचा तक्ता वाचा. १२ व्होल्टच्या रकान्याखाली अँपिअर दिलेले असतात. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. तिथे १४ अँपिअर असतील तर १२ गुणिले १४, १६८ वॅट. बाकीचे वॅट आजच्या पीसीला फारसे न लागणाऱ्या ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले असतात. आता खर्च मांडा: १२४०० पूर्ण भारात ११७, आरटीएक्स ४०६० ११५, बोर्ड-पंखे-एसएसडीचे ४०-५०. पावणेतीनशेच्या आसपास. शिवाय कार्ड क्षणभरासाठी याहून बरंच जास्त ओढतं.

मग काय होतं? एक्सेल, मीटिंग, ब्राउझर सगळं सुरळीत. गेममध्ये मोठी चकमक सुरू झाली की पीसी फटकन रीस्टार्ट. लोक विंडोजला दोष देतात, फॉरमॅट मारतात, ड्रायव्हर बदलतात. दोष त्या डब्याचा. आणि जातानाही तो एकटा जात नाही, कधी बोर्ड घेऊन जातो, कधी कार्ड.

५५० वॅटचा, १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर देणारा, निदान पाच वर्षं वॉरंटीचा एसएमपीएस या मशीनला बास. ८० प्लस ब्राँझ म्हणजे वीज किती वाया जात नाही याचं माप. आतलं संरक्षण चांगलं आहे याची ती हमी नव्हे. सॅटाच्या वायरीवरून कार्डाची ८ पिनची वायर बनवणारा अडॅप्टर वापरू नका: सॅटा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटपुरता, आणि ८ पिनमधून १५० वॅट जाऊ शकतात. प्लास्टिक वितळतं. मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) एसएमपीएस बदलताना जुन्याच्या वायरी नव्याला लावू नका, डब्याकडच्या पिनांची रचना कंपनीगणिक बदलते आणि एसएसडी एका क्षणात जळते.

पुण्यात याला लाइटचाही संबंध आहे. गुरुवारी महावितरणची देखभाल, पावसाळ्यात फांदी पडून गेलेला फीडर. ६०० व्हीएच्या यूपीएसची क्षमता साधारण ३६० वॅट असते आणि गेम चालू असताना तो जेमतेम सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ देतो. घरी इन्व्हर्टर असेल तर तो ‘यूपीएस मोड’वर ठेवा, साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ एसएमपीएसच्या सहनशक्तीपेक्षा, म्हणजे १६-१७ मिलिसेकंदांपेक्षा, जास्त असू शकतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चांगले एसएमपीएसही कुरकुरतात. पेठांतल्या जुन्या वाड्यांत अर्थिंग आहे की नुसतीच तीन भोकं, हे वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लागल्यावर मुंग्या येत असतील तर बहुधा अर्थिंगच नाही.

कॅबिनेटबद्दल एवढंच: पुढे सलग काच नको, जाळी हवी. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बंद काचेच्या पेटीत कार्ड ताप काढत बसतं. वाघोली-हिंजवडीसारख्या बांधकामांच्या भागात फिल्टर महिन्याला झाडावा लागतो.

‘बिल नको म्हणालात तर १८ टक्के सुटतात’

सुटतात, वॉरंटीसकट. प्रोसेसर, बोर्ड, कार्ड, एसएमपीएस यांच्या वॉरंट्या तीन, पाच, कधी सात-दहा वर्षांच्या असतात, आणि बहुतेक सर्व्हिस सेंटर जीएसटी बिल मागतात. बिलावर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. ‘ग्राफिक कार्ड, १ नग’ एवढ्यावर पुढे वाद होतो. दुकानातच खोक्यावरचा आणि कार्डावरचा नंबर ताडून बघा, आणि माल भारतातल्या अधिकृत वितरकाचा आहे ना ते विचारा, नाहीतर त्याची वॉरंटी इथे चालत नाही. खोकी आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या.