ऑपरेशनच्या दिव्याने डोळ्याचा पडदा जळतो?

"मोतीबिंदूच्या ऑपरेशनात मायक्रोस्कोपचा झगझगीत दिवा डोळ्याचा पडदा जाळतो. म्हणूनच नंतर सगळं निळं दिसतं. मोतीबिंदू पूर्ण पिकू द्या, तोवर थेंब घाला. करायचंच झालं तर पिवळी लेन्स मागा." नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. आईचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर आलेलं असताना तो वाचला की पोटात गोळा येणारच.

मेसेजची पहिली ओळ सपशेल थाप नाही, पंचाईत तिथेच आहे. प्रखर प्रकाशाने पडद्याला इजा होते, हे संशोधक व्हर्नर नोएल यांनी १९६६ साली उंदरांवर दाखवलं. मायक्रोस्कोपच्या दिव्यामुळे माणसाच्या पडद्यावर पडलेला डाग १९८३ मध्ये मॅक्डोनाल्ड आणि अर्व्हिन या डॉक्टरांनी नोंदवला. पण हे चटक्यासारखं जळणं नव्हे. प्रकाशातल्या, विशेषतः निळ्या भागातल्या, ऊर्जेने पेशींत रासायनिक बिघाड होतो, आणि तो दिव्याच्या तीव्रतेइतकाच वेळेवर ठरतो. तेव्हा मोठी चीर, टाके, लांबलेलं ऑपरेशन असं सगळं होतं. त्यातही नवी लेन्स बसल्यावर टाके घालताना धोका जास्त, कारण तीच लेन्स दिव्याचा झोत पडद्यावर एकवटते. आज फेकोची (बारीक छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याची) सरळ केस पंधरा-वीस मिनिटांत उरकते आणि टाकाही लागत नाही.

थेंबांची भूल दिली की डॉक्टर "दिव्याकडे बघा" म्हणतात, यानेही लोक बिचकतात. बरोबर आहे, बाहुली औषधाने मोठी केलेली असते, ती आकसून आडोसा करू शकत नाही. म्हणून तर दिवा कामापुरताच ठेवतात, नवी लेन्स बसवण्याच्या नळीत भरली जात असताना मंद करतात, जास्त वेळ लागणार असेल तर बुबुळावर ओल्या स्पंजचा तुकडाही ठेवतात.

आता निळं दिसणं. मोतीबिंदू पिवळट-तपकिरी काचेसारखा निळा रंग अडवत असतो. तो निघाला की निळा एकदम अंगावर येतो, आणि हळूहळू मेंदू जुळवून घेतो. चित्रकार क्लॉद मोने यांचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं. नंतर सगळं निळं दिसतं म्हणून ते वैतागले होते, रंगीत काचांचे चष्मे लावून बघत होते. त्या काळी डोळ्याच्या ऑपरेशनला मायक्रोस्कोप वापरतच नसत. मग त्यांचा पडदा कोणत्या दिव्याने जाळला?

"पिकू द्या" हा सल्ला मात्र सरळ घातक. पिकून टणक झालेला मोतीबिंदू फोडायला ताकद जास्त लागते, लेन्सभोवतालच्या पातळ पिशवीची मागची बाजू फाटण्याची भीती वाढते. ती फाटली की ऑपरेशन लांबतं, म्हणजे ज्या दिव्याला भ्यायलात त्याच्याखाली डोळा आणखी वेळ राहतो! आणि मोतीबिंदू विरघळवतात असे सिद्ध झालेले थेंब बाजारात नाहीत. मिळतात ते विकत घेणाऱ्याचे पैसे विरघळवतात.

निळा प्रकाश अडवणाऱ्या पिवळ्या लेन्सचं थोडक्यात: ती बसते ऑपरेशनच्या शेवटाकडे, तोवरच्या दिव्यापासून ती काय वाचवणार? अतिनील किरण तर साधी पारदर्शक लेन्सही अडवते. पुढच्या आयुष्यात पिवळीमुळे पडदा जास्त टिकतो, याचा भरवशाचा पुरावा अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यातही सापडला नाही. आवडली तर घ्या, भीतीपोटी जास्तीचे पैसे मोजू नका.

जिथे दिव्याची काळजी जास्त खरी आहे, त्याबद्दल मेसेज गप्प आहे. पडद्याच्या ऑपरेशनात प्रकाशाची नळी थेट डोळ्याच्या आत, पडद्यापासून काही मिलिमीटरवर असते. तिथे फिल्टर, अंतर आणि वेळ सांभाळणं हे सर्जनचं रोजचं काम. मधुमेह असेल, पडद्याचा जुना आजार असेल किंवा उन्हाची ॲलर्जी वाढवणारी औषधं चालू असतील, तर ते कोणत्याही ऑपरेशनआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि नंतर नजरेच्या मधोमध काळा किंवा धुरकट ठिपका दिसू लागला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.