भरलेली डिकी आणि नापास झालेले हेडलाइट

ऑगस्टमध्ये आमची गाडी एमओटीत नापास झाली. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको, पण पुण्या-नाशिकच्या मित्रांसाठी सांगतो: इथे गाडी ३ वर्षांची झाली की ती रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे की नाही याची तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते. ही पद्धत १९६० साली वाहतूक मंत्रालयाने सुरू केली. त्या मंत्रालयाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे तपासणीला चिकटली, ती मंत्रालयाचे नाव बदलल्यावरही सुटली नाहीत. महाराष्ट्रात खासगी मोटारीला पीयूसी सोडली तर पहिली १५ वर्षे असे काही कोणी विचारत नाही.

नापासाच्या कागदावर कारण एकच होते: दोन्ही हेडलाइटचा झोत प्रमाणापेक्षा वर. स्क्रू फिरवून झोत खाली आणायला अर्धा तास लागेल, त्याचे पैसे वेगळे पडतील आणि संध्याकाळपर्यंत गाडी पास करून देतो, असे टेस्टरने सांगितले. रक्कम फार मोठी नव्हती, त्यामुळे मीही मान डोलावणारच होतो, पण कागदावरच्या ‘दोन्ही’ या शब्दाशी अडखळलो. एका दिव्याचा झोत हलला असता तर बल्ब नीट बसला नसेल किंवा दिवा धरणारी क्लिप तुटली असेल, असे समजता आले असते. दोन्ही दिवे एकाच दिशेने आणि जवळपास सारख्याच मापाने चुकले असतील, तर दोष दिव्यांत असण्यापेक्षा गाडीच्या उभे राहण्यात असण्याची शक्यता अधिक, आणि गाडी का तशी उभी होती हे मला डिकी उघडल्याबरोबर कळले. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीच्या मखराची लोखंडी चौकट, दोन स्पीकर, समयांची पेटी आणि महाप्रसादाच्या तांदळाची पोती असे सगळे मिळून सव्वाशे किलोंचे सामान आठवडाभर आमच्याच डिकीत होते.

सामान घरात उतरवण्याआधी आणि नंतर मी पत्नीच्या शिवणाच्या टेपने मागच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजली. फरक अडीच सेंटीमीटरांचा निघाला. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे, म्हणजे गाडीचे नाक बरोबर १ टक्क्याने वर उचलले गेले होते. आमच्या गाडीइतक्या उंचीवरच्या, म्हणजे जमिनीपासून ८५ सेंटीमीटरपर्यंत मध्य असलेल्या दिव्यांसाठी नियम असा आहे की डिप केलेल्या झोताची वरची कड अर्धा ते २ टक्के खाली झुकलेली असावी. १० मीटर पुढे मोजले तर ती दिव्याच्या मध्यापेक्षा ५ ते २० सेंटीमीटर खाली यायला हवी. आमचा झोत मुळात १ टक्का खाली असेल, तर नाक वर गेल्यावर तो आडवा, थेट समोरच्याच्या डोळ्यांकडे जाणार, हे उघड होते.

दुसऱ्या दिवशी मी टेस्टरला हे आकडे दाखवले. त्याने ते शांतपणे पाहिले आणि ‘जशी गाडी आली तशी तपासली’ एवढेच म्हणाला. या उत्तरात खोट काढणे सोपे नाही, कारण सामानासकट गाडी मीच घेऊन गेलो होतो. तरीही मी भांडायचे ठरवले, आणि ते अर्ध्या तासाच्या मजुरीसाठी नव्हते. आमच्या दिव्याचा मध्य जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर आहे. १ टक्का उतार असेल तर झोताची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते आणि २ टक्के असेल तर साधारण ३२ मीटरवर. भरल्या डिकीने स्क्रू फिरवून झोत नीट केला असता, तर विसर्जनानंतर डिकी रिकामी होताच गाडीचे नाक खाली येऊन उतार २ टक्क्यांवर गेला असता. हायवे कोड या इथल्या वाहतुकीच्या नियमपुस्तिकेप्रमाणे ताशी ४० मैलांच्या वेगाने जाणारी गाडी पूर्ण थांबायला ३६ मीटर लागतात. डाव्या कडेचा उजेड थोडा लांब जातो हे खरे, पण समोरच्या रस्त्यापुरते पाहिले तर ती ‘दुरुस्ती’ करून मी गाडी थांबण्याच्या आतच अंधारात शिरलो असतो, आणि तेही पास झाल्याचे प्रमाणपत्र हातात घेऊन. (२ टक्के हे मर्यादेत बसते, याचे मला अजून आश्चर्य वाटते.)

दाद मागण्याची व्यवस्था इथे आहे आणि ती चांगली आहे. व्हीटी-१७ नावाचा अर्ज तपासणीपासून कामाच्या १४ दिवसांत सरकारी एजन्सीकडे द्यायचा, तिचा परीक्षक गाडी पुन्हा पाहतो. शुल्क मात्र पुन्हा पूर्ण भरावे लागते, मोटारीसाठी ते जास्तीत जास्त ५४.८५ पौंड आहे, आणि म्हणणे मान्य झाले तर त्यातले सगळे किंवा काही पैसे परत मिळतात. खरी अडचण वेगळीच आहे: निकाल लागेपर्यंत ज्या दोषाबद्दल वाद आहे त्याला हात लावायचा नाही. जुने प्रमाणपत्र संपलेले असेल आणि रोज त्याच गाडीने कामावर जायचे असेल, तर एवढे थांबणे कोणाला परवडणार? आमच्या जुन्या प्रमाणपत्राचे ३ आठवडे शिल्लक होते आणि नापासाचे कारण ‘धोकादायक’ वर्गातले नव्हते, म्हणून मला भांडता आले. मुदत संपण्याआधी महिनाभरात तपासणी केली तरी पुढच्या वर्षाची तारीख तीच राहते, ही सवलत लोक सोयीची म्हणून वापरतात. माझ्या मते तिचा खरा उपयोग भांडायला वेळ मिळावा हाच आहे.

परीक्षक ठरल्या दिवशी त्याच गॅरेजमध्ये आले. सामान मी उतरवले आहे हे मी त्यांना आधीच सांगितले, कारण ते लपवून जिंकण्यात अर्थ नव्हता. त्यांनी झोत मोजायची, रुळांवरून सरकणारी भिंगाची पेटी आधी एका आणि मग दुसऱ्या दिव्यासमोर आणली, आतल्या पडद्यावरची कड मलाही दाखवली. दोन्हीकडे ती पट्ट्याच्या आत, वरच्या रेषेच्या थोडी खाली होती. हेडलाइट पास झाले, मागच्या एका टायरबद्दल सूचना मिळाली आणि शुल्काचा काही भाग परत आला.

निघताना परीक्षकांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवले आणि स्टिअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याजवळ, ० ते ३ आकडे असलेल्या एका लहानशा चकतीकडे बोट दाखवून ती कशासाठी आहे असे विचारले. सहा वर्षे ती गाडी चालवूनही मी त्या चकतीला कधी हात लावलेला नव्हता. मागे वजन असले की झोत खाली आणण्यासाठीच ती दिलेली असते. म्हणजे टेस्टरची दुरुस्ती चुकीची होती हे माझे म्हणणे खरे ठरले, पण तो आठवडाभर समोरून येणाऱ्यांनी मला जे दिवे मारले होते तेही उगाच नव्हते, आणि मी प्रत्येक वेळी त्यांनाच उद्धट म्हटले होते.

गणपतीच्या आदल्या रात्री मखर पुन्हा डिकीत गेले. अंगणात गाडी भिंतीसमोर उभी करून मी चकती ० वरून २ वर नेली, तेव्हा आतून मोटारीचा बारीक आवाज आला आणि भिंतीवरची उजेडाची कड जवळजवळ एका विटेने खाली उतरली.