क्रियापद शेवटी म्हणून डच सोपी? अर्धंच खरंय

नेदरलँड्सला निघालेल्या मराठी मंडळींमध्ये एक फॉरवर्ड सारखा फिरतो. डच आपल्याला सोपी, क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं, मराठीत विचार करा नि डच शब्द भरा, शब्दांची ऑर्डर चुकली तरी चालतंय.

पहिलं म्हणजे साध्या वाक्यात क्रियापद शेवटी येतच नाही. 'इक ड्रिंक कोफी', मी पितो कॉफी. हे बघून लगेच इंग्रजी पॅटर्न लावू नका, कारण सुरुवातीला 'फानदाख' म्हणजे आज टाकलं की 'फानदाख ड्रिंक इक कोफी' होतं, कर्ता गपचूप क्रियापदाच्या मागे जातो. आणि तो कर्ता 'येइ' म्हणजे तू असेल तर क्रियापदाचा त पण गळतो, 'येइ वेर्क्त' पण 'वेर्क येइ'. थोडक्यात, क्रियापदाचा नंबर कायम दुसरा. आणि दुसरा नंबर म्हणजे दुसरा शब्द नव्हे हं! 'डे मान मेत डे रोडे यास वोन्त हीर', लाल कोटवाला माणूस इथे राहतो, यात क्रियापद सातवा शब्द आहे, कारण आधीचे सहा मिळून एकच कर्ता.

शेवटी येतं ते गौण वाक्यात, म्हणजे मुख्य वाक्यावर अवलंबून असलेल्या तुकड्यात. 'ओमदात इक कोफी ड्रिंक', कारण मी कॉफी पितो. इथे फॉरवर्ड बरोबर. पण 'वांत' म्हणजेही कारणच, आणि त्याच्यापुढे परत 'इक ड्रिंक कोफी'! आणि क्रियापदं दोन आली की सहसा आपली सवय आडवी येते, 'ओमदात हेइ नीत कान कोमन', म्हणजे तो नाही शकत येऊ. 'येऊ शकत' हा आपला क्रम जर्मनमध्ये मिळतो, त्यामुळे फॉरवर्डवाल्याने क्लास बहुतेक जर्मनचा लावला असावा.

त्यात काही क्रियापदं फुटतात. 'इक झेख डे आफस्प्राक आफ'. 'झेख' ऐकून वाटतं काहीतरी म्हणतोय, आणि शेवटचा 'आफ' आला की कळतं, बाबा अपॉइंटमेंट कॅन्सल करतोय.

ऑर्डर चुकली तरी चालतंय, हे तर अजिबात पटत नाही. आपल्याकडे 'कुत्रा माणसाला चावला' आणि 'माणसाला कुत्रा चावला' दोन्ही एकच, कारण 'ला' सांभाळून घेतो. डच नामांना असले प्रत्यय नाहीत, 'डे होन्त बेइत डे मान' उलटं केलं की साधारणपणे माणूसच कुत्र्याला चावतो. आणि 'हेइ कोम्त मोर्खन' चं 'कोम्त हेइ मोर्खन' केलं तर सरळ प्रश्नच झाला, उद्या येतोय का तो?

मराठी खरंच कामाला येते ती वेगळ्याच ठिकाणी, आणि ते फॉरवर्डमध्ये नाहीच. 'इक खा मोर्खन मेत डे ट्रेइन नार युट्रेख्त', मी उद्या ट्रेनने युट्रेख्तला जातो. आधी कधी, मग कशाने, मग कुठे, क्रम डिट्टो आपला. इंग्रजीतून शिकणारे इथे उलटसुलट करतात.